बारा व्होल्टचं काम

गाडीच्या डिकीत ढोल घालून हिंडणाऱ्या माणसांबद्दल माझं मत पूर्वीपासून वाईट आहे. सिग्नलला ते आपल्या शेजारी येऊन थांबतात आणि आपल्या छातीत धडधड सुरू होते. अटॅक आला की काय म्हणून घाबरून बघावं, तर पलीकडे एक जण गॉगल लावून मान हलवत असतो. कान बिघडलेला माणूस मी समजू शकतो. डोकं बिघडल्याची जाहिरात करत फिरणारा नाही.

माझी मुलगी ऐरोलीला नोकरी करते, गाडी तिनं स्वतःच्या पगारातून घेतलेली. तिनं सबवूफरचे, म्हणजे त्याच ढोलाचे, आणि ॲम्प्लिफायरचे खोके घरी आणले, तेव्हा मी आधी खोक्यांकडे बघितलं आणि मग तिच्याकडे.

"शिरवण्याला एक दुकान आहे, शनिवारी बसवून देतील," ती म्हणाली.

ते दुकान मला माहीत होतं. मालक बाहेर जुन्या टायरवर बसून चहा प्यायचा आणि वायर दातांनी सोलायचा. मी म्हणालो, "ज्याला वायर सोलायला दात लागतात तो तुझ्या गाडीला हात लावणार? मी बसवतो."

यात माझा स्वार्थ होता, तो सांगून टाकतो. पावण्याच्या कारखान्यात तीस वर्षं मी कंट्रोल पॅनलचं वायरिंग केलं आणि करवून घेतलं. त्या वर्षी शाल-नारळ देऊन मला घरी बसवलं होतं. आमच्या सोसायटीच्या बाकावर माझ्यासारखेच चार-पाच जण बसतात आणि एकमेकांना आपापली शुगर सांगतात. मला त्या बाकावर जायचं नव्हतं. हाताला काम हवं होतं, आणि ते मला अजून येतं हे मुलीनं बघायला हवं होतं.

सोबतचं माहितीपत्रक मी न वाचताच बाजूला ठेवलं. चारशे पंधरा व्होल्टवर आयुष्य काढलेल्या माणसानं बारा व्होल्टसाठी अभ्यास करायचा? मुलीनं फोनवर एक व्हिडिओ दाखवला. त्यातला इसम लाल वायर बॅटरीपासून डिकीपर्यंत नेत होता, पण काळी, म्हणजे निगेटिव्ह, तिथंच गाडीच्या पत्र्याला बोल्टनं आवळत होता. मी फोन परत दिला. मशीनच्या बॉडीत करंट आला की माणूस मरतो. आमच्याकडे असं करणाऱ्या वायरमनला मी त्याच दिवशी गेटबाहेर काढलं असतं.

"बॉडीला करंट? माझ्या हातून नाही," मी म्हणालो.

दोन रविवार लागले. बॉनेटमधून वायर आत आणली, भोकाच्या कडेला रबर लावलं, बॅटरीजवळ फ्यूज बसवला, कार्पेटखालून सगळं सरळ रेषेत नेलं, प्रत्येक टोकावर पॅनलला चढवतात तसे नंबर चढवले. आणि लाल वायरच्या जोडीनं काळीही थेट बॅटरीपर्यंत नेली. बाकावरची मंडळी उठून बघायला आली.

"एवढं तर दुकानवाला तासाभरात करतो," एकजण म्हणाला.

"म्हणूनच मी करतोय," मी म्हणालो.

गाडी चालू केली, गाणं लावलं, डिकी घुमली. आणि गाण्याच्या मागून एक बारीक कुंई ऐकू यायला लागली. ॲक्सिलरेटर दाबला की चढायची, सोडला की उतरायची. कानाशी डास यावा तशी. मुलीनं माझ्याकडे बघितलं.

"हा गाडीच्या स्टिरिओचा दोष आहे," मी निकाल देऊन टाकला. "कंपन्या हल्ली भंगार बसवतात."

"असेल," ती म्हणाली. "मस्त झालंय, बाबा."

पुढे महिनाभर दर रविवारी मी, बायको आणि ती कुठं निघालो की ती गाणं लावायची, जरा मोठ्यानंच. मी मागच्या सीटवर समाधानानं बसायचो.

मग एका सकाळी ती घरूनच काम करत होती, म्हणून वायपरचं पाणी भरायला मी खाली जाऊन बॉनेट उघडलं. फ्यूजची डबी रिकामी होती. फ्यूज सापडला पुढच्या खणात, कागदी रुमालात नीट गुंडाळलेला. म्हणजे आठवडाभर सिस्टीम बंद आणि रविवारी माझ्यापुरती चालू. माझं डोकंच फिरलं. फ्यूज काढायची अक्कल तिला कुणी दिली असणार हे उघड होतं. फ्यूज बसवला आणि त्या दातवाल्याला सुनावायला गाडी घेऊन शिरवण्याला गेलो.

त्यानं गाडी लगेच ओळखली. "ताईंची ना? त्या आल्या व्हत्या. मी बोल्लो, स्टिरिओचा निगेटिव्ह बॉडीला हाय आनि याचा बॅटरीला, म्हनून कुंई करते. दोन मिन्टाचं काम हाय. पन त्या हात लावू देईनात. बाबांनी केलंय बोलल्या. मंग मी बोल्लो, फ्यूज तरी काडून ठेवा."

त्यानं डिकी उघडली, माझे नंबर बघितले. "वायरिंग लय साफ हाय काका. असं कोनी करत नाय." तो मनापासून म्हणत होता, आणि त्याचाच मला जास्त राग आला.

त्यानं पॉलिशपेपर पुढे केला. डिकीच्या तळातल्या एका बोल्टभोवतीचा रंग मीच खरवडला आणि बॅटरीकडे जाणारी काळी काढून तिच्या जागी वीतभर काळी वायर पत्र्याला आवळली. बारा व्होल्टनं माणूस मरत नाही हे शाळेतल्या पोरांनाही ठाऊक असतं. इंजिन चालू केलं. कुंई गेली होती.

संध्याकाळी मुलीला खाली नेऊन ऐकवलं. ती म्हणाली, "आधीही चांगलंच होतं, बाबा."

"नव्हतं. चूक माझी होती," मी म्हणालो.

पोरीनं मायेनं आपली लाज राखली, या विचारानं दिवसभर माझा ऊर भरून आला होता. म्हणून विचारलं, "मग सांगितलं का नाहीस? माझं मन राखायला?"

ती समोरच्या काचेतून बाहेर बघत होती. "नाही. तुम्ही त्या दुकानवाल्याबद्दल जसं बोलता ना, तसंच मलाही बोलला असतात. आईपण म्हणाली, नकोच सांगू."

यावर माझ्याकडे उत्तर तयार होतं, चांगलं झोंबणारं. तोंडही उघडलं होतं. ते मी मिटलं.