चौथ्या कोपऱ्यातली भाकरी

आमच्या घरात माझी उंदराची गोष्ट फार चालते. बारसं असो, हळद असो, जेवणं आटोपली की कुणीतरी म्हणतंच, आक्का, ती उंदराची सांगा. मग मी पदर खोचून बसते. दर खेपेला तो उंदीर थोडा जाड होतो. मागच्या दिवाळीत तर मी त्याला मांजराच्या अंगावर धावून जायला लावलं. पोरंबाळं लोळून हसतात.

त्या गोष्टीत उंदीर नव्हता. हे मी आजवर कुणाला — अगदी नवऱ्यालासुद्धा — सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगते आहे.

पण असं एकदम नको. मला साधी मिठाची पुडी मागायची असली तरी मी पाऊसपाण्यापासून सुरुवात करते.

पाऊसपाणी म्हणाल तर ते नव्हतंच. दिंद्रुडच्या अलीकडे आमचं गाव. त्या दुष्काळात विहिरींचे तळ दिसले आणि आम्ही बायकांनी सहकारी संस्था काढली — जुन्या कापडाच्या पिशव्या शिवायची. प्लॅस्टिक नाही, चामडं नाही, नवं कापडही नाही. पर्यावरणाला बरं, आणि शहरात असलं खपतं, असं आम्हाला शिकवायला आलेल्या मॅडमनी सांगितलं. फक्त पिशवी म्हणायचं नाही, हँडबॅग म्हणायचं. मॅडम गेल्यावर बायकांनी मला विचारलं, हँडबॅग म्हंजी काय वो आक्का? मी बारावी नापास, म्हणजे गावच्या मानानं विद्वान. त्या जोरावर अध्यक्षही झालेली. ठोकून दिलं — हातानं केलेली ती हँडबॅग. खरा अर्थ कळेपर्यंत माझा अर्थ आमच्या पाटीवर रंगवूनही झाला होता.

आता गया. गया माझी धाकटी जाऊ. दसरा झाला की ती आणि दीर ऊसतोडीला जायचे, ते थेट उन्हाळ्यात परतायचे. जाताना तिनं तिची पत्र्याची पेटी माझ्या घरात आणून ठेवली आणि किल्ली माझ्या हातात दिली. "आक्का, मायची वाकळ हाय आत. बाकी काय बी गेलं तरी चालंल."

तिच्या आईनं स्वतःची लुगडी एकावर एक घालून, बारीक धावदोऱ्यानं ती वाकळ शिवली होती, गयाच्या लग्नात द्यायला. पुढच्याच वर्षी ती म्हातारी गेली. आमच्याकडे वाकळ पुरी होत आली की शेवटच्या, चौथ्या कोपऱ्यात भाकरीचा तुकडा ठेवतात आणि मग टाका बंद करतात. वाकळीचं पोट भरलेलं असलं की पांघरणारं माणूस उपाशी निजत नाही, असं म्हणतात. गयाला तो कोपरा नेमका माहीत होता. तोंडाशी धरून निजायची, लग्न झालेली बाई.

गया तोडीला गेली, आणि थंडीत पुण्याच्या एका दुकानाच्या बाई बीडच्या प्रदर्शनात येणार असा निरोप आला. त्यांना नमुना हवा होता. जुनं, मऊ सूत, हाताचा टाका, आणि स्वच्छ. आमच्याकडे समाजमंदिरात जुन्या कपड्यांचा ढीग पडला होता, पण त्याला घामाचा वास. प्यायला टँकरची वाट बघायची तिथं चिंध्या कुणी धुवायच्या? अर्ध्याहून जास्त बायका तोडीला गेलेल्या. आणि मी अध्यक्ष. बीडला रिकाम्या हातानं जाऊन काय दाखवणार — पाटी?

मी पेटी उघडली. जायच्या आधी गयानं विहिरीच्या तळच्या पाण्यात वाकळ धुऊन, कडुलिंबाचा पाला घालून ठेवली होती. तिला विचारता आलं नसतं का? आलं असतं. मुकादमाकडे फोन होता. पण विचारलं तर ती नाही म्हणेल, हे मला ठाऊक होतं. म्हणूनच विचारलं नाही.

कात्री चालवताना मी स्वतःशी म्हणाले, एकच बाजू घेते. मग दुसरी. चौथा कोपरा उसवला तेव्हा मांडीवर काहीतरी पडलं. तपकिरी, बोटभर, हलकं. हात लावला तर त्याचा भुगा झाला. मी उठून अंगणात पदर झटकला. कोंबड्या धावत आल्या.

बीडला त्या बाईंनी बॅग हातात घेतली, टाक्यांवरून अंगठा फिरवला आणि विचारलं, हा कुणाचा हात? मी म्हणाले, आमच्या बायकांचा. त्या वाकळीतून झालेल्या सगळ्या बॅगा त्यांनी नेल्या आणि मोठी ऑर्डर दिली.

गया परत आली ती उसाच्या पाचटानं हात चिरलेली, काळवंडलेली. पाणीही न पिता पेटीशी बसली. तोवर मी पेटीचा गंजलेला तळ एका कोपऱ्यात मुद्दाम फोडून ठेवला होता. "उंदीर लागले गं," मी म्हणाले. "तो भाकरीचा कोपरा ना — वासानं आले."

तिनं पेटीच्या फुटक्या तळावरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "मंजी मायच्या भाकरीनंच घात केला म्हणा की." एखादी चिंधी तरी उरली का, असं तिनं विचारलं. चिंध्या होत्या. माझ्या शिलाई मशीनखालच्या डब्यात होत्या. पण कात्रीची कड सरळ असते, उंदरानं कुरतडलेली तशी नसते. वास मारत होता म्हणून जाळल्या, असं मी सांगितलं, आणि मला रडू आलं. तर तीच माझा हात धरून म्हणते, "तुमी कावून रडताव? तुमी काय केलंय?"

त्या ऑर्डरीवर पुढची वर्षं गावातच काम मिळालं. गयाला पुन्हा तोडीला जावं लागलं नाही. हे मी मनात पुष्कळदा घोळवते. बरं वाटतं का? वाटतं, थोडं. म्हणून तर घोळवते.

उंदराची गोष्ट मी पहिल्यांदा सांगितली ती एका हळदीत, गयाला हसवावं म्हणून. ती हसली. मग मला थांबता आलं नाही. खोटं इतकं छान सांगता येतं हे कळल्यावर कोण थांबतं?

आणि एक गोष्ट माझ्या फार उशिरा लक्षात आली. संस्थेत नव्या पोरींना टाका शिकवायचं काम गया करते. वाकळ असो, दुपटं असो, ती त्यांना बजावते, "कोपऱ्यात भाकर घालू नगा, उंदीर लागत्यात. माझ्या मायचं झालं तसं व्हईल." पोरींनी ऐकलं. त्यांच्या सासवांनी ऐकलं. आता आमच्या गावात कुणीच घालत नाही.

गेल्या महिन्यात माझ्या नातीचं बारसं झालं. गयानं तिच्यासाठी दुपटं शिवून आणलं. टाका अगदी तिच्या आईचा. सगळ्या बायका बघत होत्या, मी उगाच घडी घालायच्या निमित्तानं चारही कोपरे चाचपले. चौथाही नुसतं कापड.

मी ते नातीच्या अंगावर घातलं. गया समोरच बसली होती. तिनं पोरीची जावळं सारखी केली आणि म्हणाली, "आक्का, पोरीला उंदराची गोष्ट सांगा की."

मी पदर खोचला, आणि सांगितली.