बाबांची डॉनगिरी

कपाट आवरताना बाबांची फेल्ट हॅट सापडली. डांबरगोळ्यांचा वास आला आणि थेट बाबांच्या कापड मिलचं गेट आठवलं.

मिलला कुलूप लागलं त्याच आठवड्यात बाबांनी व्हिडिओवर एक जुना इंग्रजी गँगस्टर पिक्चर पाहिला. त्यातला डॉन नुसता कुजबुजायचा, तरी समोरचे चळाचळा कापायचे. दुसऱ्या दिवशी बाबा हॅट घालून गेटवर मॅनेजरसमोर उभे राहिले. मागे लूमवरचे सगळे कामगार, शेजारी मी.

बाबा कुजबुजले, "गेट उघडा."

लूमच्या खडखडाटात कान गेलेली ती मंडळी आमच्याकडच्या हिंदीत एकदम ओरडली, "भिया, जोर से बोलो!"

मॅनेजरही हसला. मी तर पोट धरून हसले.

घरीसुद्धा ओरडूनच बोलणारे बाबा त्यानंतर हळूच बोलू लागले. घाबरली फक्त आई.