बाबांचा पाय आणि ड्रायव्हरचा पगार

तुम्हाला गाडीने उडवलं, तर भरपाई कुणाच्या खिशातून येते, हे तुम्हाला ठाऊक आहे का? आमच्या घरात कुणालाच नव्हतं. आणि आमचं घर काही न वाचणाऱ्यांचं नव्हे. बाबा मराठवाड्यातून हैदराबादला आले ते छापखान्यात. ट्रेडल मशीन पायाने चालवून मोर्च्यांची पत्रकं छापायचे. मी अक्षरं शिकले ती त्या पत्रकांवरच. खाजगीकरण, परकी भांडवल, कामगार कपात हे शब्द मला शाळेतल्या कवितांआधी पाठ होते.

त्याच परक्या भांडवलाचे रंगीत टीव्ही नेणाऱ्या लॉरीने कोठी भागातल्या वळणावर बाबांची सायकल उडवली. गुडघ्याचा चुरा झाला. मी तेव्हा कॉलेजात नुकतीच गेले होते. घोषणा द्यायला शत्रू समोर तयार होता, पण शत्रू पळालाच नाही. ड्रायव्हरने बाबांना उचलून त्याच लॉरीतून दवाखान्यात आणलं आणि मग रोज संध्याकाळी येऊन बसू लागला. मालकाने त्याला दम भरला होता : केस झाली तर भरपाई तुझ्या पगारातून कापणार.

"भाईसाब, मेरे कू बी बच्चे हैं," तो म्हणाला.

बाबांनी त्याचा हात धरला. "केस नक्को. जाओ तुम."

तो गेल्यावर आई उसळली. "आणि ट्रेडल कोण मारणार? तुमची तत्त्वं?"

"मजुराच्या पोटावर पाय देऊन माझी भरपाई घेऊ?"

मला दोघांचंही पटत होतं. यावर काय करायचं, ते कुठल्याच पत्रकात छापलेलं नव्हतं.

आई नामपल्लीच्या कोर्टात वकिली करणाऱ्या एका पुण्याच्या बाईंकडे स्वयंपाक करायची. तिने त्यांना घरी आणलं, आणि ड्रायव्हरलाही निरोप धाडला. बाईंनी आधी त्याच्यापुढेच हात केला. "लायसन? गाडीच्या विम्याचा कागद?" दोन्ही चालू होते.

"काका, पैसे विमा कंपनी देते," बाई म्हणाल्या. "रस्त्यावर येणाऱ्या गाडीचा विमा कायद्याने काढावाच लागतो. तो तुमच्यासारख्यांसाठीच असतो. याच्या पगाराला कुणी हात लावणार नाही. पोलिसांची केस वेगळी. भरपाई सोडून दिलीत म्हणून ती थांबणार नाही."

ड्रायव्हर भडकला. "सेठ मेरे कू हौला समझा क्या?"

"वेड्यात तुला एकट्यालाच नाही काढलं रे बाबा," आई बाबांकडे बघत म्हणाली.

बाबांनी वकीलपत्रावर सही केली.

अपघात-भरपाईच्या न्यायाधिकरणात विमा कंपनीचे वकील म्हणाले, गुडघाच तेवढा दुमडत नाही, बाकी माणूस ठणठणीत आहे. बाई उठल्या. डॉक्टर गुडघा तपासतात, म्हणाल्या, इथे रोजगार किती बुडाला ते बघायचं असतं. पायाने मशीन चालवणाऱ्याचा पाय गेला म्हणजे त्याचं कामच गेलं. ड्रायव्हरनेही चूक आपली होती हे खरं खरं सांगितलं. निकाल लागेपर्यंत माझं कॉलेज संपत आलं होतं, पण न्यायाधीशांनी बाईंचं म्हणणं मानलं. त्या भरपाईवर घर तगलं. बाबा आता बसून प्रूफं तपासतात, आणि माझ्याही लेखातल्या चुका काढतात.

कोर्ट म्हणजे पैसेवाल्यांचं दुकान, असं म्हणत मी वाढले. अजूनही पुष्कळदा म्हणते. पण या एका कायद्याचे, त्या बाईंचे, आणि पळून न गेलेल्या त्या माणसाचे आभार मी मोर्च्यातल्या आवाजात मानते.

तुमच्या गल्लीत कुणी अपघातातून घरी आलं असेल, तर आजच भेटायला जा. फळं नेलीत काय, न नेलीत काय. गाडीमालकाचा माणूस तडजोडीचा कागद पुढे करील, त्यावर सही करण्याआधी गाडीच्या विम्याची चौकशी करा, एवढं मात्र त्यांना सांगून या.