चोरांसाठी लावलेला दिवा

मागच्या अंगणात मी प्रखर दिवा लावला, तेव्हा चोरांचे निमित्त सांगितले. खरे म्हणजे शेजारच्या काकांच्या दुर्बिणीभोवती जमणारी गर्दी मला खुपत असे. हे मी कित्येक वर्षे लपवले.

ते ग्रहांविषयी पाहुण्यांसारखे बोलत. "चला, गुरू आलेत!" अशी कुंपणावरून हाक देत. कोणी दुर्बिणीला धक्का लावला की म्हणत, "डोळा लावा हो, हात नको! गेले ना गुरू सिन्नरला!"

माझ्या दिव्याविषयी मात्र त्यांनी अवाक्षर काढले नाही. कुंपणाच्या बाजूला दोरी बांधून तिच्यावर जुनी सतरंजी टाकली आणि तिच्या आडोशाने ते पाहत राहिले.

यंदाच्या थंडीत ती सतरंजी दिसेना, म्हणून मी विचारले.

"डोळे थकले. एवढ्या उजेडात कृत्तिकांचा पुंजकाही धूसर दिसतो. दुर्बीण देऊन टाकतोय कुणाला तरी," ते हसत म्हणाले.

मी घरात जाऊन दिवा बंद केला आणि कुंपणाशी परत आलो. ते अंधारात वर पाहत उभे होते.

"काका, चोरांचं खोटं होतं," मी म्हणालो. "तुमच्याकडे कुणी येऊ नये म्हणून मी दिवा लावला होता. माझं चुकलं. मला क्षमा करा."