भाजलेल्या सुनेची नाडी

तो फोन मला अजून आठवतोय. वर्दी मी लवकरच उतरवली, पण ही केस डोक्यातनं उतरंना.

तेव्हा मी निपाणी भागात पीएसआय होते. स्टेशन डायरी लिहीत बसलेली, तेवढ्यात बेळगावच्या एका दवाखान्यातनं डॉक्टरांचा फोन. भाजलेल्या पेशंटवर त्यांचं संशोधन चाललेलं. कोण बरं होतंय, कोण दगावतंय, का दगावतंय.

"म्याडम, तुमच्या हद्दीतली सून ॲडमिट आहे. बंबाचं पाणी हातावर सांडलं म्हणाली. एवढ्यानं माणसाचं असं होत नाही. सारख्या उलट्या, घाम, नाडी बसत चाललीय. आता तर बोलतही नाही. कुणीतरी काहीतरी पाजलंय. काय ते कळल्याशिवाय मी उपचार कशावर करू?"

नवरा तिच्याजवळ होता, घरात सासू एकटी. हवालदार अण्णांना घेऊन जीप पळवली. सासू उंबऱ्यात बसलेली, तोंडाला पदर.

"सुनेला काय पाजलंत?"

"काय न्हाय ओ. च्या सुदीक घेतला न्हाय तिनं."

"पोरगी मरायला लागलीया, खरं सांगा."

"देवाशपथ न्हाय."

मी आवाज चढवला की ती अजून आकसायची. फोन वाजला की वाटायचं, गेली. मधेच म्हातारी उठून मोरीत ओकली.

अण्णा म्हणाले, "म्याडम, पानी तरी पिऊ द्या. न्हायतर हिला बी ॲडमिट करायला लागंल."

"काय झालं आक्का?" मी विचारलं.

"तंबाखू लागलीया जरा."

मी इथलीच. ओली तंबाखू हाताळली की गरगरतंय, ओकारी येतीया, हे आम्हाला लहानपणापासनं ठाऊक. आक्का तंबाखूच्या वखारीत कामाला जायची, पण त्या दिवशी वखार बंद होती.

"आज कुठं हाताळलीसा?"

ती रडायलाच लागली. "पोरगी लई तळमळत हुती. पानं भिजवून बांधली मांडीला. माझ्या सासूनं बी मला तसंच केलतं. डाक्टर वरडतील म्हनून सांगू नगो म्हनलं."

"मांडीला? भाजलाय तर हात."

"मांडी बी भाजलीया. बाप्यांच्यात कशी दाखवंल?"

"अजून बांधलेली हाय?"

"व्हय."

लगेच दवाखान्याचा नंबर लावला. "डॉक्टर, पाजलं काय न्हाय. मांडी बघा. ओली तंबाखू बांधलीया."

फोन चालू ठेवून ते सिस्टरवर ओरडले. पडदा ओढल्याचा आवाज आला, मग पाण्याचा. मग नुसतं वाट बघणं. सासू माझा हात धरून बसलेली, मलाही सोडवंना.

शेवटी डॉक्टर म्हणाले, "नाडी लागतीय आता. भाजलेल्या कातडीतनं तंबाखूचं विष अंगात भिनत होतं."

नंतर दवाखान्यात सुनेचा जबाब घेतला. "सासूनं पानं बांधली हे आदी का सांगितलं न्हाईस?" म्हटलं.

"दवाखान्यात खोलीच्या दारात पोलीस हुबा हुता. आत्तीचं नाव घेतलं आसतं तर तिला नेलं आसतं."

डॉक्टरांनी भाजलेल्या पेशंटला विचारायचा प्रश्न बदलला. 'काही लावलं का?' न विचारता 'काय काय लावलं?' असं विचारतात, आणि विचारताना पोलिसाला बाहेर पाठवतात. मी एवढंच शिकले, गुन्हा लपवणारा आणि माया लपवणारा, वर्दीसमोर दोघं सारखेच गप्प बसतात.