आक्काचा रेडिओ

"आक्का, रेडिओ लाव! आता बटण दाबतोय!"

काका मोबाइलवर ओरडले आणि आजूबाजूच्या शेतांतले मोर उडाले ते थेट सोनिपतला जाऊन बसले. मोबाइलला अंतर कळत नाही, हे काकांना कधी पटलंच नाही. दिल्लीत मुनिरक्यातल्या घरी बोलायचं तर साधा आवाज, पुण्याला मोठा, आणि मॉरिशसला बोलायचं तर कमरेवर हात ठेवून. तिथे त्यांची थोरली बहीण, आक्का, लग्न होऊन गेली होती. आमच्याकडे आजही कुणी चढ्या आवाजात बोललं की म्हणतात, "मॉरिशसला बोलतोयस का?"

दिल्लीबाहेरच्या शॉर्टवेव्ह रेडिओ केंद्रात मी काकांच्या हाताखाली इंजिनिअर होतो; तिथे सगळेच त्यांना काका म्हणत. ट्रान्समीटर तपासायची त्यांची पद्धत एकच, डोळे मिटून खरखर ऐकायची. "मीटर साहेबांना बघून खोटं बोलतो यार, खरखर नाही बोलत," म्हणायचे. खरखरीवरून ते सूर्यावर वादळ आहे का ते सांगत. कँटीनच्या भाजीत मीठ कमी पडलंय हेसुद्धा सांगत, मी शपथेवर सांगतो.

रोज संध्याकाळी आक्का तिच्या जुन्या रेडिओवर आमचं आफ्रिकेसाठीचं प्रक्षेपण लावायची. कार्यक्रम स्वाहिलीत, तिला अक्षर कळत नसे. "फोनवर तू नुसता बोलतोस. रेडिओवर तू कामावर गेलेला कळतोस," ती म्हणे. रेडिओ बोलतोय म्हणजे भाऊ ठणठणीत, एवढाच तिचा हिशेब.

मग डिजिटल आलं. आवाज काचेसारखा स्वच्छ. सिग्नल जरा घसरला की मात्र नव्या डिजिटल रेडिओवर खरखर वगैरे काही नाही, एकदम शांतता. आक्काच्या जुन्या रेडिओवर तर आता शब्दच उमटणार नव्हते. काकांनी नवा रेडिओ पाठवतो म्हटलं. "आहे तो चांगला चालतोय," म्हणाली. त्या आठवड्यात काकांचा डबा जसाच्या तसा घरी परत जात होता.

तर काकांनी बटण दाबलं. आमच्या नव्या रेडिओवर स्वाहिली निवेदिका खणखणीत बोलू लागली. साहेबांनी टाळ्या वाजवल्या. काकांनी फोन स्पीकरवर टाकला.

"काय येतंय, आक्का?"

"नुसता घरघराट. पिठाची गिरणी चालल्यासारखा."

टाळ्या थांबल्या. काकांनी जन्मात पहिल्यांदा मॉरिशसशी हळू आवाजात बोलून दाखवलं.

"तो मीच आहे, आक्का. आता असाच येणार."

"बरं," आक्का म्हणाली. "मग जरा बारीक करून चालू ठेवते."