धुऊन उत्तम निघणारी जात

हातातला चहाचा कप आधी खाली ठेवा. मागे हे सांगत असताना आमच्या मेव्हण्याच्या नाकातून चहा आला होता. आणि हसायचं तर मलाच हसा, कारण या प्रकरणात दुसऱ्या कुणाचीही काडीची चूक नाही. सगळी अक्कल माझी!

तर मी सिंगापुरात, तुआसच्या एका कारखान्यात इंजिनिअर आहे. आम्ही जाळ्या बनवतो. मासे पकडायच्या नव्हेत हो, गाळायच्या! केसाहून बारीक भोकांच्या. त्यांच्या पिशव्याही शिवतो. राहतो मात्र पासिर रिसला. म्हणजे कारखाना बेटाच्या एका टोकाला, घर दुसऱ्या टोकाला आणि मधे हिरव्या लाइनची अख्खी एमआरटी, म्हणजे इथली मेट्रो. रोज इतका वेळ बसून माणूस विचार करणार नाही तर काय करणार? घात तिथेच होतो.

एका शुक्रवारी कॅनडातून नव्या गिऱ्हाइकाची मेल आली. ब्रायन त्याचं नाव. त्याला आमच्या पिशव्या 'वॉटर हॅश' करायला हव्या होत्या. आमच्या जाळीत पपई कशी धुतली जाईल, गार्लिक कसं धुतलं जाईल, आणि सगळ्यात चांगली धुतली जाणारी स्ट्रेन कुठली, असे त्याचे प्रश्न.

आमचे बॉस मिस्टर लिम म्हणाले, "श्री, यू हँडल, लाह. बिग कस्टमर!"

मला कोण आनंद! त्याचं कारणही होतं. मला पीआरचा, म्हणजे इथे कायमचं राहायच्या परवान्याचा अर्ज करायचा होता आणि त्याला जोडायचं कंपनीचं पत्र मिस्टर लिम यांच्या टेबलावर सहीसाठी दोन आठवडे पडलं होतं. ही ऑर्डर आली की सही झालीच म्हणून समजा.

आता स्ट्रेन म्हणजे काय? इंजिनिअरला विचाराल तर भार दिल्यावर वस्तू किती ताणली जाते ते. पण पपईला कोण कशाला ताणेल? घरी जाताना गाडीत बून ले स्टेशन येईपर्यंत मी नुसतं डोकं खाजवलं. क्लेमेंटी स्टेशनला माझी ट्यूब पेटली. अहो, स्ट्रेन म्हणजे जात! आंब्याच्या असतात तशा पपईच्या जाती! आणि हॅश? लोक नाश्त्याला हॅश ब्राउन खातात की, बटाट्याचा कीस! म्हणजे हा ब्रायन पपईचा नि लसणाचा कीस गार पाण्यात धुऊन विकत असणार. कॅनडा आहे, थंडीत काय वाट्टेल ते खात असतील.

गाडीतूनच मी आमच्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर लिहिलं, "मंडळी, धुतल्यावर उत्तम निघते अशी जात कोणती? अनुभवी लोकांनीच सांगावे."

काय चुकलं यात? पण टॅम्पिनीसला पोचेपर्यंत फोन तापला! आमच्या शेजारच्या ब्लॉकमधले गोखले काका, बँकेतून रिटायर झालेले, एरवी फक्त गुड मॉर्निंगची फुलं पाठवतात. त्यांनी लिहिलं, "श्रीकांत, इतक्या लांब आलास तरी जात सुटली नाही का तुझी?" खाली लाल तोंडांची रांग. एक ताई तर म्हणाल्या, असल्या घरात आम्ही मुलगी देणार नाही. अहो, मागितली कुणी होती? मला मुलगाच नाही!

"पपईची जात हो! पपईची!" असं मी चार वेळा लिहिलं, तेव्हा कुठे शांतता झाली.

मग ठरवलं, कुणाला विचारायला नको, आपणच करून बघू. रविवारी लिटिल इंडियातून दोन प्रकारच्या कच्च्या पपया नि ढीगभर लसूण आणला. सगळं किसलं, बर्फाच्या पाण्यात घातलं, कंपनीच्या सॅम्पल पिशवीत ओतलं आणि पिळलं.

"अहो," वैशाली दारात उभी राहून म्हणाली, "हे खायचंय की नुसतंच गाळायचंय?"

"हे संशोधन आहे, वैशाली."

"मग माझ्या ओट्यावर कशाला?"

पिशवीत उरलेल्या पांढुरक्या लगद्याला मी फोडणी दिली. तेवढ्यात गोखले काका आले. परवा फार बोललो, मनात ठेवू नकोस, असं सांगायला. देवच पावला! पहिली वाटी त्यांनी भिडेखातर खाल्ली, दुसरी वैशालीच्या आग्रहाखातर. मग सोफ्यावर बसल्या बसल्या जे घोरायला लागले ते थेट चार वाजता उठले. जेवणानंतर काका रोजच झोपतात, पण संशोधकाला काय, निरीक्षण ते निरीक्षण!

लगेच ब्रायनला सविस्तर मेल लिहिली. "पपई आणि गार्लिक, दोन्हींचा हॅश मी स्वतः घरी करून पाहिला. आमची जाळी अप्रतिम चालते. वास उग्र आहे. शेजारच्या ज्येष्ठ नागरिकांना दोन वाट्या दिल्या, त्यांना गाढ झोप लागली. बायकोला सवय नाही, पण होईल." मिस्टर लिमना सीसी ठेवलं. त्यांनाही कळू दे आपण सुट्टीच्या दिवशी किती राबतो ते!

उरलेला लगदा डब्यात भरून फ्रीजरमध्ये टाकला. वर चिठ्ठी डकवली, मोठ्या अक्षरात: हॅश, पपई.

संध्याकाळी ब्रायनचं उत्तर आलं. मी मोठ्यानं वाचायला घेतलं. "सर, तुम्ही हे सिंगापुरात करता? स्वतःच्या घरात? शेजारच्या म्हाताऱ्यांना वाट्या भरून देता? आणि वर बॉसला सीसी ठेवता? सर, तुमच्याइतका धाडसी माणूस मी जन्मात पाहिला नाही."

"बघ!" मी वैशालीला म्हणालो. "याला म्हणतात कदर!"

आमची सई, वय वर्षं पंधरा, माझ्या खांद्यावरून वाचत होती. ती किंचाळली, "बाबा! हॅश इज ड्रग्स, लाह! पपाया, गार्लिक, ही त्या झाडांची नावं आहेत! स्ट्रेन्सची!"

"कुठल्या झाडांची? मराठीत सांग नीट."

तिला मराठी शब्द कुठून येणार? तिनं फोनवर शोधला आणि एकेक अक्षर लावून वाचला. "गां... जा. आणि हॅश म्हणजे च... र... स."

पहिल्यांदा इथे आलो तेव्हा विमानात भरायच्या कार्डावर लाल अक्षरांत छापलेलं वाक्य जसंच्या तसं डोळ्यांपुढे आलं: अमली पदार्थांचा व्यापार करणाऱ्याला देहदंड! पीआर राहिला बाजूला, आता नोकरी जाणार, इथे काम करायचा पास जाणार, सईची शाळा जाणार. आणि कबुलीजबाब मीच लिहिलाय, तोही सहीनिशी! धावत जाऊन फ्रीजरमधल्या डब्यावरची चिठ्ठी नखांनी खरवडून काढली.

सोमवारी तो डबा मांडीवर घेऊन मी पासिर रिस ते तुआस गेलो. एकेक स्टेशन वर्षासारखं. समोर कुणी युनिफॉर्मवाला बसला की मी डब्याकडे बघून उगाच हसायचो. मिस्टर लिमनी माझी मेल छापूनच ठेवली होती. शेजारी ते पत्र, सहीविना.

"श्री. व्हॉट इज धिस?"

मी सगळं सांगितलं. पपई, लसूण, बटाट्याचा कीस, क्लेमेंटी, गोखले काका. डबा उघडून पुढे सरकवला. त्यांनी वास घेतला. माझ्याकडे पाहिलं. मग चमचा उचलला आणि घास तोंडात घातला. मी खुर्ची घट्ट धरली. चेहरा लांब झाला. त्यांचा! डोळ्यांत पाणी आलं. तेही त्यांच्याच. अर्धी बाटली पाणी पिऊन त्यांनी पेन उचललं आणि पत्रावर सही ठोकली.

"धिस वन कॅनॉट बी ड्रग," ते म्हणाले. "ड्रग, पीपल वॉन्ट सम मोअर."

कॅनडात गांजाला कायद्याची परवानगी असेल, पण ब्रायनला आम्ही नम्रपणे नकार कळवला. संध्याकाळी वैशाली दारातच उभी होती.

"सही केली?"

"केली."

"सुटले बाई! पण तुमच्यावर विश्वास कसा बसला हो त्यांचा?"

"चव घेऊन."

"हां," वैशाली म्हणाली, "मग बसणारच."